जाधवबाईंचा डावा हात

"उजवा हात बाईंचा. डावा कोणाचा ते माहीत नाय," असं आमच्या शाळेचा शिपाई शपथेवर सांगायचा, आणि खडूची पेटी टेबलावर नेहमी बाईंच्या उजव्या बाजूने ठेवायचा. ठाकुर्लीच्या त्या शाळेत मी मराठी शिकवायला लागलो तेव्हा हे ऐकून मोठ्याने हसलेलो. नवा माणूस हसतोच. शिपाई माझ्याकडे बघून फक्त म्हणाला, "संध्याकाळपर्यंत थांबा, सर."

संध्याकाळपर्यंत थांबायची वेळ आली नाही. पहिल्याच मीटिंगमध्ये मुख्याध्यापक हजेरीपटावर बोलत असताना समोर बसलेल्या जाधवबाईंनी माझ्याकडे बघून डावा डोळा मिटला. तोंडाचा कोपरा हलकेच वर गेला. मी तेव्हा बिनलग्नाचा होतो आणि माझ्या केसांबद्दल माझं मत फार चांगलं होतं. मीही डोळा मिटला. बाईंनी पुन्हा मिटला. मी पुन्हा. शेवटी मुख्याध्यापक थांबले आणि म्हणाले, "मोकाशी, डोळ्यात काही गेलंय का?"

दुसऱ्या दिवशी मी डोंबिवलीहून आणलेला नवा निळा शर्ट घालून गेलो. मधल्या सुट्टीत बाई माझ्या टेबलाशी आल्या. माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठ्या, संसारी, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या, आवाज कोरडा.

"सर, तो डोळा तुमच्यासाठी नव्हता."

"मग कोणासाठी होता?" मी विचारलं. लाज गेली की माणूस असले प्रश्न विचारतो.

"तेच मला अजून कळलेलं नाही," बाई म्हणाल्या आणि तासाला निघून गेल्या.

बसायच्या आधी दोन्ही तळहात खुर्चीवर ठेवून मग त्यांच्यावर बसायची बाईंची सवय होती. लहान मुलं थंडीत बसतात तशी. वर्गात उजव्या हाताने फळ्यावर लिहायच्या आणि डाव्या हातात डस्टर धरून ठेवायच्या. "त्याला काम दिलं की तो गप्प बसतो," म्हणायच्या. "तो." जणू वर्गातला एक द्वाड मुलगाच. मुलं त्यांना अजिबात घाबरायची नाहीत. घाबरायचो आम्ही, कारण आम्ही नीट बघायचो. दिवस कलायला लागला की तो डावा हात मांडीवरून आपोआप उचलला जायचा. अंगठा पहिल्या दोन बोटांवर घासायचा, चिमटीतून काहीतरी सोडल्यासारखा. मग मनगट बाहेर वळायचं आणि तळवा समोर धरला जायचा. कोणाला काही द्यावं तसा. त्याच वेळी डोळा मिटायचा आणि ओठ आवाजाविना हलायचे. गाडीत बाई कधी डुलकी घ्यायच्या नाहीत. झोपेच्या काठावर म्हणे सगळं अंगच हलायला लागायचं.

आम्हा सगळ्यांचा चहा, बाईंचा स्टीलचा थर्मास. आत काळी कॉफी. दूध नाही, साखर नाही. "कॉफी प्यायले की तो झोपतो," एवढंच सांगायच्या. सगळं जग कॉफीने जागं होतं आणि ह्यांचा हात झोपतो, हे ऐकून आमचे गणिताचे सर म्हणाले, "मनाचे खेळ असतात, बाई." बाईंनी थर्मासचं झाकण घट्ट फिरवलं. त्यांनाही मनातून तसंच वाटत होतं, हे मला पुढे कळलं.

एकदा शाळा सुटल्यावर मी डबा विसरलो म्हणून परत गेलो. प्रयोगशाळेचं दार अर्धं उघडं. आत दिवा नाही. खिडकीतून येणाऱ्या तांबूस उजेडात हाडांचा सापळा उभा होता आणि त्याच्या शेजारी स्टुलावर जाधवबाई. डोळे मिटलेले. हात तळवा पुढे करून हवेत थांबलेला. ओठ भराभर हलत होते आणि आवाज काहीच नाही. मला सांगायला लाज वाटते, पण मी एम.ए. झालेला माणूस चप्पल काढून दारात उभा राहिलो आणि हळूच विचारलं, "माझं लग्न कधी होईल?"

बाईंनी एक डोळा उघडला.

"सर, सायन्सच्या लॅबमध्ये हा प्रश्न?"

मी डबा न घेताच निघालो. पण त्यांनी थांबवलं. "बसा. तुम्ही निदान नारळ तरी आणला नाहीत."

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. चाळीत दर मंगळवारी कोणीतरी दाराशी यायचं. कोणाला नोकरीचं विचारायचं असायचं, कोणाला सुनेचं. हळदकुंकू, नारळ, लिंबू. बाई म्हणायच्या, "मी बौद्ध आहे हो. आमच्यात अंगात येत नाही." त्यावर एक शेजारीण समजुतीने म्हणाली होती, "तुम्ही बौद्ध झालात, देवीला कुठे माहीत्ये?"

"माझी आई, भागाबाई," बाई म्हणाल्या, "तिचंही असंच होतं. हाच हात. आम्ही घरातले देव सोडले, गावाने मात्र तिला सोडलं नाही. लोक दारात येऊन तिच्या पाया पडायचे. आणि आमचेच लोक म्हणायचे, ही मुद्दाम करते, हिला मान पाहिजे. दोन्हीकडून. शेवटी ती हातांवर बसायला लागली. जेवतानासुद्धा. मी भरवायचे तिला." थोडं थांबून म्हणाल्या, "हे हातावर बसणं मला तिनेच शिकवलं."

उजेड पार गेला होता. बोलता बोलता बाईंचा हात पुन्हा वर आला होता आणि त्यांना ते माहीत नव्हतं. तळवा माझ्यासमोर धरलेला. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो आणि बघतही होतो. मला वाटलं, खोलीत आम्ही दोघंच नाही. सापळा मोजूनसुद्धा.

ह्यानंतर, बऱ्याच वर्षांनी, चिकोरीचं प्रकरण. माझ्या हातून आयुष्यात जे काही चांगलं घडलं ते मूर्खपणातून, आणि त्यातला हा सर्वांत मोठा.

ठाण्याला विज्ञान प्रदर्शन होतं. आमच्या शाळेतर्फे व्यासपीठावर बाई बोलणार होत्या. त्याच्या दोन दिवस आधी मी गावच्या एसटीचं तिकीट काढायला ठाण्याच्या खोपट डेपोत निघालेलो, तर बाई म्हणाल्या, "तिकडे कॉफी दळून देतात ना, माझी पूड आणाल?" दुकानात यंत्र घरघरत होतं आणि वास असा की मला आपण परदेशात आहोत असं वाटायला लागलं. दुकानदाराने विचारलं, "चिकोरी किती टाकू?"

चिकोरी म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, ही कॉफीची काहीतरी उंची जात असणार, बासमतीसारखी. मागे लोक उभे होते.

"पूर्ण," मी म्हणालो.

"पूर्ण? फक्त चिकोरी?"

"भेसळ नको," मी ऐटीत सांगितलं.

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, आणि गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक म्हणून पुडा बांधून दिला. चिकोरी म्हणजे कुठल्याशा झाडाचं भाजलेलं मूळ असतं. रंग तसाच, कडूपणा तसाच, कॉफीचा गुण शून्य. बाईंनी ती विश्वासाने दोन दिवस प्यायली.

प्रदर्शनात बाई पचनसंस्थेवर बोलायला उभ्या राहिल्या. भर दुपार. ही काही त्यांच्या हाताची वेळ नव्हती. पहिलंच वाक्य आणि डावा हात वर. डस्टर नाही, काही नाही. बोटं चिमटीतून सोडायला लागली, मनगट वळलं, मग मान, मग खांदा. माईकमधून फक्त श्वास ऐकू येत होता. पहिल्या रांगेतली एक पालक बाई उठली आणि हात जोडून उभी राहिली. मग दुसरी. कोणीतरी पायातल्या चपला काढल्याचा आवाज मी ऐकला. एक म्हातारी पुढे आली आणि तिने बाईंच्या कपाळाला कुंकू लावलं, पाठीमागे जठराचं रंगीत चित्र लावलेलं. बाईंच्या डोळ्यांत तेव्हा जे होतं ते मी विसरलेलो नाही. त्या हलत नव्हत्या. त्यांना कोणीतरी हलवत होतं आणि त्या आतून बघत होत्या.

नंतर शाळेत परतल्यावर स्टाफरूममध्ये त्यांनी आपल्या कपाटातून तो पुडा काढला. वास घेतला. जिभेवर चिमूट ठेवली. मी दुकानातला संवाद सांगितला. मला वाटलं, आता नोकरी नाही तर निदान मैत्री तरी गेली.

बाई हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"मी कॉफी समजून प्यायले ना? मनाचा खेळ असता तर हात झोपला असता. मनाला काय माहीत पुड्यात काय आहे. म्हणजे हे मन नाही, सर. देवी नाही, ढोंग नाही, मन नाही. हे रसायन आहे." मग कपाळावरचं कुंकू पदराने पुसत म्हणाल्या, "तुमच्याइतकं उपयोगी गाढव मी पाहिलं नाही."

ही चिकोरीची गोष्ट घेऊन त्या मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात गेल्या. आधीच्या डॉक्टरांनी त्यांना टेन्शन कमी करा, योगा करा, असं सांगून परत पाठवलेलं. ह्या वेळी एक तरुण डॉक्टरीण होती. कॉफीचं ऐकून तिने पेन खाली ठेवलं म्हणे. रक्त तपासायला गेलं. खूप दिवसांनी उत्तर आलं, आणि त्या दिवशी बाईंनी आख्ख्या स्टाफला पेढे वाटले. माणसं मुलगा झाला म्हणून वाटतात, ह्यांनी रोगाचं नाव कळलं म्हणून वाटले.

"ॲडेनिलिल सायक्लेज," त्या म्हणाल्या. "पाच नंबरचं."

ते नाव नीट म्हणायला मला आठवडा लागला. मग त्यांनी मला समजावलं, सातवीच्या वर्गाला समजावतात तसं. पेशी म्हणजे घर. बाहेरून निरोप येतो, दारावरची बेल दाबतो. निरोप्या स्वतः आत येत नाही. ही बेल आत वाजवायचं काम ह्या विकराचं, म्हणजे एन्झाइमचं. असे अनेक भाऊ आहेत, पाच नंबरचा मेंदूच्या आत, हालचालींचं जिथे ठरतं तिथे बसतो. तो कसा घडवायचा ह्याची कृती एका जनुकात लिहिलेली. बाईंच्या त्या कृतीत एकच अक्षर वेगळं.

"एका अक्षराने काय होतं?" मराठीच्या मास्तराने हे विचारावं म्हणजे कमाल झाली.

"बेल एकदा दाबली की वाजतच राहते," बाई म्हणाल्या. "दाबणारा कधीच निघून गेलेला असतो. दार उघडून बघावं तर बाहेर कोणी नाही. आणि घरातले सगळे उठून धावतायत."

"आणि कॉफी?"

"ती बटणावर ठाण मांडून बसते. दुसऱ्या कोणाचं बोट पोचू देत नाही."

त्या रात्री घरी माझ्या दाराची बेल वाजली, आणि मी बराच वेळ उघडायला गेलो नाही.

ते अक्षर आईकडून किंवा बापाकडून मुलांकडे जातं. छाप की काटा. बाईंची मुलगी स्नेहल, तिच्यात ते आलं होतं पण हलकं. लहानपणी नुसता डोळा फडफडायचा. तिने कल्याणच्या दळव्यांच्या मुलाशी लग्न केलं. मूळचे कोकणातले, देवमाणसं, गावच्या देवीचं सगळं करणारी. आणि त्यांच्या रुहीचा, बाईंच्या सात वर्षांच्या नातीचा, हात पुढे काही वर्षांनी एका संध्याकाळी टीव्हीसमोर बसल्या बसल्या वर उचलला गेला.

डावा.

रुहीच्या आजीने, दळवीकाकूंनी, ते पाहिलं आणि दिवा लावला. आठवड्याभरात ठरलं. शिमग्याला पोरीला गावी न्यायचं, पालखीसमोर उभी करायची. तिला देवीचं झाड मानायचं, म्हणजे देवी जिच्या अंगी येते आणि जिच्या तोंडून बोलते ती. स्नेहल रडत होती, जावई आईच्या शब्दाबाहेर नव्हता. डॉक्टरांचा कागद काकूंनी वाचूनसुद्धा पाहिला नव्हता.

"एकदा झाड ठरली की शाळा संपली," बाई मला म्हणाल्या. "मग लोक येणार. मग ती हातांवर बसायला शिकणार. सर, रविवारी तुम्ही माझ्याबरोबर कल्याणला या."

"मी काय करू तिकडे?"

"काही नाही. तुमच्यासारखा भोळा माणूस समोर असला की लोक खरं बोलतात."

रविवारी दुपारी कलत्या उन्हात आम्ही कल्याणला दळव्यांच्या घरी पोचलो. बाईंनी मुद्दाम आदल्या दिवसापासून कॉफी घेतलेली नव्हती, भरलेला थर्मास माझ्या पिशवीत होता, आणि त्या जिना माझा हात धरून चढल्या. इतक्या वर्षांत त्यांनी कधी माझा हात धरला नव्हता. तो डावा होता. माझ्या मुठीत तो एखाद्या पकडलेल्या जनावरासारखा धडपडत होता.

घरात शेजारच्या बायका बसलेल्या. मधोमध पाटावर रुही, कपाळभर कुंकू, कंटाळलेली आणि घाबरलेली. हात वळवळत होता. बाई काही न बोलता तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा हातांवर न बसता.

खिडकीतलं ऊन भिंतीवरून वर सरकलं. बाईंचा हात उठला. रुहीचा उठला. अंगठा दोन बोटांवर. मनगट बाहेर. तळवा पुढे. दोन्ही डावे डोळे मिटले. दोन्ही तोंडं आवाजाविना काहीतरी म्हणायला लागली. डॉक्टर सांगतात, ह्या हालचाली कोणाच्याच एकसारख्या नसतात, सारखेपणा बघणाऱ्याच्या डोळ्यात असतो. बाईंनीच मला हे सांगितलं होतं. पण त्या खोलीत एकच कोणीतरी दोन अंगांत बसलं होतं, एक सात वर्षांचं, एक साठीचं. पंख्याचा आवाज येत होता. बायकांनी हात जोडले. आणि हे लिहिलंच पाहिजे, मीही जोडले. ज्याला रसायनाची सगळी गोष्ट ठाऊक होती, तोच भोळा माणूस.

"थर्मास," बाई कशाबशा म्हणाल्या.

मी ओतलं. डॉक्टरांनी ठरवून दिलेली छोटीशी वाटी रुहीला, मोठा कप बाईंना. पोरीने तोंड वाकडं करून प्यायली. मग आम्ही सगळे बसून राहिलो. हळूहळू पोरीचा हात मांडीवर आला आणि तिथेच राहिला. मग बाईंचा.

बाईंनी घाम पुसला. "दळवीताई, देवी असती तर कॉफीने गेली असती का?"

काकूंनी रुहीचा निवांत हात उचलून पाहिला. बाई माझ्याकडे बघत होत्या. विज्ञान जिंकलं, असं मला वाटलं.

"गेली कुठे, विहीणबाई?" काकू म्हणाल्या. "शांत झाली. नैवेद्य पोचला तिला. आम्ही येडे, इतके दिवस खीर दाखवत होतो."

बाईंनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता पेशी, आता बेल, आता अक्षर. पण त्यांची नजर रुहीवर गेली. रुहीने कोपऱ्यातली चित्रकलेची वही ओढली होती आणि डाव्या हाताने एक सरळ रेघ काढत होती.

बाईंनी तोंड मिटलं. मग म्हणाल्या, "बरं. नैवेद्य किती आणि कधी, ते डॉक्टरीण सांगेल. चुकवायचा नाही. शाळेच्या दिवशी तर नाहीच."

"चुकवू कसा? देवीचं काम हाय."

"आणि शिमग्याला?"

"घरच्या घरी घेत्येय तर गावाला कशाला न्यायची? गावात कोण करणार ही कॉफी, गो."

आम्ही जिना उतरायला लागलो. बाई म्हणाल्या, "आईच्या वेळी कोणी असा नैवेद्य सांगितला असता, तर मी देवीलासुद्धा हात जोडले असते." त्यांचा डावा हात पदरात निवांत होता.

बाई गेल्या, त्याच्या आदल्या हिवाळ्यातली ही शेवटची गोष्ट. त्या निवृत्त होऊन ठाकुर्लीलाच राहत होत्या. त्यांची पूड मी आणायचो, आणि दुकानदार मला बघितलं की स्वतःहून म्हणायचा, "चिकोरी नाही, समजलं." एका संध्याकाळी पुडा घेऊन गेलो तर दार नुसतं लोटलेलं. आत दिवा नाही. टेबलावर कप, त्यावर बशी पालथी घातलेली. बाई कपाटाच्या आरशासमोर खुर्चीत.

"बाई, कॉफी निवतेय."

"झाकून ठेवलीये. थोड्या वेळाने घेईन." मान वळली नाही. "बसा, सर. दिवा नका लावू."

डावा हात आरशासमोर तळवा पुढे करून थांबला होता. सगळं अंग हलत होतं आणि बाई त्याला अडवत नव्हत्या.

"आईचा एकही फोटो नाही माझ्याकडे," त्या म्हणाल्या. शब्द मध्येमध्ये अडत होते. "तिचं तोंड मला आठवेना झालं होतं. मग एकदा कॉफी प्यायला विसरले, आणि आरशात..." पुढचं वाक्य ओठांनी आवाजाविना पुरं केलं. "वर्षातून एकदा. तेवढंच."

मी आरशात पाहिलं. अंधारात तो चेहरा जाधवबाईंचा नव्हता. गालाचा कोपरा ओढलेला, नजर दूर कुठेतरी गावाकडे, बाईंपेक्षा कितीतरी म्हातारी, दमलेली आणि जरा मिश्कील. मी खुर्चीत बसलो आणि माझ्या लक्षात आलं की मी माझ्या दोन्ही हातांवर बसलोय.

"आई," जाधवबाई आरशाला म्हणाल्या, "हे आमचे मोकाशी सर. चिकोरीवाले."

आरशातला डावा डोळा मिटला. तोंडाचा कोपरा हलकेच वर गेला.

आता तो डोळा कोणासाठी होता, हे मी बाईंना विचारलं नाही. ह्या वेळी मला माहीत होतं.